बिनलेपाची चकती

ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर कणांचा मारा केला की आलेखात कुठे शिखर उठेल, हे तिने गणिताने सांगितलं होतं. नवऱ्याच्या प्रयोगात ते तिथेच उठलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. “इतकं कधी जुळतं? माझ्यासाठी आकडे फिरवलेस ना?” तो दुखावला. “समोर उभी राहून बघ.” त्याने यंत्रातली ऑक्सिजनचा लेप असलेली चकती काढून त्याच धातूची बिनलेपाची बसवली. “शिखर ऑक्सिजनचं असेल, तर आता ते दिसता कामा नये.” ती त्याच्या हातांवरून नजर हलवेना. मारा सुरू झाला आणि पडद्यावर त्याच जागी शिखर उभं राहिलं. तो पडद्याजवळ सरकला. “म्हणजे ते ऑक्सिजनचं नव्हतंच! चकतीच्या धातूतच दुसऱ्या कशाची तरी भेसळ असणार. तुझा शोध गेला गं.” तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. “जाऊ दे,” त्याचा हात धरत ती म्हणाली, “शिखर खरंच उठत होतं. तू मला फसवलं नव्हतंस.”