बाप्तिस्म्याची अट

परदेशातल्या आमच्या मिशन शाळेची स्वयंपाकीण वारली. स्मृतिफलकावर तिचंही नाव घाला, एवढंच मागायला मी मायदेशी समितीपुढे उभा होतो.

वीस वर्षं तीच खुर्ची उबवणाऱ्या चिटणिसांनी नाक मुरडलं. बिस्कीट चहात अर्धं बुडवून म्हणाले, "बाई दुसऱ्या चर्चची. तिथे नुसतं पाणी शिंपडतात. आपण बाप्टिस्ट. माणूस अख्खा पाण्याखाली गेल्याशिवाय आपण बाप्तिस्मा मानत नाही."

"गेली ना अख्खी. पुरात. अकरा मुलं छपरावर चढवली आणि बाराव्याला आणायला परत खाली उतरली."

चिटणिसांनी पेन उचललं. "त्या वेळी बाप्तिस्मा द्यायला पाळक हजर होते?"

"होते की. मुलांच्याही आधी छपरावर चढून बसले होते. हे काय, तुमच्यासमोर उभे आहेत."