विमलताईची रिकामी जागा

रत्नप्रभा भोइटे यांनी घराण्याची माहिती नोंदवायला घेतलेलं हे तिसरं सॉफ्टवेअर होतं. त्यांची थोरली बहीण विमल साठ वर्षांपूर्वी घरातून निघून गेली आणि पुन्हा सापडली नाही, एवढंच त्यांना लिहायचं होतं. पण पहिल्या सॉफ्टवेअरने तिला पुरात मारलं, दुसऱ्याने मठात पाठवलं, आणि या तिसऱ्याने तर तिचं इंदूरला लग्न लावून दोन नातवंडंही दिली.

त्यांनी वैतागून कंपनीला फोन लावला.

"मॅडम, जागा रिकामी सोडता येत नाही," तिकडची मुलगी म्हणाली. "आमचा अंदाज ब्याण्णव टक्के बरोबर येतो."

"अहो, अंदाज नकोच आहे मला! 'माहीत नाही' असं लिहायची सोय द्या."

"तो पर्याय आता कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, मॅडम."

त्यांनी फोन आपटला. शेजारी बसलेले त्यांचे ब्याऐंशी वर्षांचे भाऊ, आबा, पडद्यावरच्या नातवंडांच्या नावांवरून बोट फिरवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे विमल सुखात होती," ते म्हणाले. "या पोरांना फोन लाव ना."

रत्नप्रभाबाईंना रडावं की ओरडावं, कळेना.

"आबा, ही पोरं नाहीतच. सॉफ्टवेअरने मनानेच घातलीत. विमलताई कुठे गेली, ते आपल्याला अजून माहीत नाही."

आबांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

"मग पुसून टाक," ते म्हणाले. "उद्या ती आली, तर म्हणेल, तुम्ही माझी वाटच पाहिली नाहीत."