मोठा गिलास

गरोदर बायांच्या आहाराचा अभ्यास करायला आलेल्या अर्पितानं टेंभुर्णीतल्या शिवकन्याच्या घराच्या ओसरीवर दोन वाट्या आणि लहान-मोठे गिलास मांडले. कोण किती खातं-पितं ते बोटानं दाखवायचं, एवढंच काम. शिवकन्याला सातवा महिना होता आणि अंगात रक्त कमी होतं. पण तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिची सासू साळूबाईच देत होती.

"दूध?" अर्पितानं शिवकन्याकडे बघत विचारलं.

"पिती की रोज." साळूबाईनं सगळ्यात मोठ्या गिलासावर बोट ठेवलं. "ह्येवढं. सकाळ-संध्याकाळ. आम्ही काय कमी पडू देतो का पोरीला?"

अर्पितानं लिहून घेतलं.

शिवकन्या भिंतीला हात देऊन उठली. तिनं तो मोठा गिलास उचलला आणि आत गेली. नवऱ्यासाठी, कल्याणसाठी राखलेल्या दुधाच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं, तशी साळूबाईची मान आत वळली. शिवकन्या काठोकाठ भरलेला गिलास घेऊन बाहेर आली, सासूच्या समोर बसली आणि न थांबता सगळं दूध प्यायली.

"ते कल्याणचं दूध व्हतं," साळूबाई हळूच म्हणाली.

शिवकन्यानं पदरानं ओठ पुसले.

"ताई, लिहिलेलं खोडू नका. आत्याबाईंचा शब्द मी खाली पडू देणार न्हाई. हे सकाळचं झालं. संध्याकाळचं राह्यलंय अजून."