पगाराला पाटी नसते

"मॅडम, खरं सांगा, मुलांना आधी काय हवंय?" लुणावत शेठनी देणगीचं पत्रक मिटत विचारलं.

मुख्याध्यापिका सुमेधाताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. विश्वस्तांनी त्यांना बजावून पाठवलं होतं, फक्त सभागृहाचं बोला. पण बारावीला गणित शिकवणारे गोसावी सर जास्त पगारासाठी खासगी क्लासकडे निघाले होते, आणि तेवढा पगार द्यायची शाळेची ऐपत नव्हती.

"गणिताचे सर," त्या बोलून गेल्या. "सभागृह नंतर झालं तरी चालेल."

शेठ गंभीर झाले. "सभागृहाला आईचं नाव द्यायचं होतं. पगाराला पाटी कुठे लावू?"

सुमेधाताई तशाच शाळेत परतल्या. दुपारभर त्या शाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या. विश्वस्तांच्या अध्यक्षांचा फोन दोनदा आला, त्यांनी उचलला नाही. एका वाक्यात आपण सभागृहही घालवलं आणि सरही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पाच वाजता शेठचाच फोन आला.

"आईला घड्याळ वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "मला शाळेत पाठवायची वेळ झाली का, हे ती शेजारी जाऊन विचारायची. सरांचा तीन वर्षांचा पगार माझ्याकडे."

"आणि सभागृह?"

"ते अध्यक्षांना दुसऱ्या कुणाकडे मागू द्या."

सुमेधाताई जवळजवळ धावतच बारावीच्या वर्गात शिरल्या. गोसावी सर फळा पुसत होते.

"सर, क्लासवाल्यांना होकार कळवला नाहीत ना?"

"उद्या कळवणार होतो," सर म्हणाले.

सुमेधाताई पहिल्या बाकावर मटकन बसल्या.