आजचाच बुधवार

"आज टोचल्याबिगर मी इथनं हलत नसतो," भीमा ग्रामपंचायतीच्या दारात आडवा उभा राहून म्हणाला.

नर्सबाई कमलम्मा लशीची निळी पेटी टेबलाखाली सावलीत सरकवत होती. "अरे, टोचणार की. पण आधी साहेब येणार, फीत कापणार, बोलणार. मग टोचायचं. वरून हुकूमच तसा हाय."

"सायेब दहाला येणार व्हते. बारा वाजले."

"जिल्ह्याचे साहेब हायेत, भीमा."

लातूरचा जिल्हा झाल्याला सहावं वर्ष चालू होतं. पूर्वी साहेब उस्मानाबादेत असत तेव्हा गावाला दिसतच नसत. आता जवळ आले होते, म्हणून उशिरा दिसत. निलंग्याच्या अलीकडच्या या गावात पावसाविना तिसरं साल होतं. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि त्यातलं पाणी नुसती चहापत्ती टाकावी इतकं तापलेलं असायचं.

"तवर पेटी उघडा, आमच्या पोरीला टोचा, अन् झाका," भीमा म्हणाला. "कोण बघतंय?"

"झाकण उघडायला लावू नको बाबा. आत बर्फ हाय तोवरच ती लस. एकदा तापली की टोचलं काय अन् न्हाई टोचलं काय, सारखंच."

भीमा दात खात बाजूला झाला.

दोन वर्षांमागं त्याचा पहिला पोरगा असाच नऊ महिन्यांचा झाला होता. गोवराच्या लशीचा बुधवार आला तेव्हा भीमाची आई नागुबाई म्हणाली, "उन्हाचं कामून टोचता लेकराला? मिरग निघू द्या." भीमानं ऐकलं. मृग निघाला. पाऊस आला नाही, गोवर आला, पोराला घेऊन गेला.

आता पोरगी, विशाखा, नऊ महिन्यांची झाली होती. सकाळी नागुबाईनं पुन्हा मृगाचं नाव काढलं. भीमा जन्मात पहिल्यांदा आईवर ओरडला, खडीच्या कामाला खाडा केला आणि बायकोला, सिंधूला, घेऊन आला. ती पोरीला मांडीवर घेऊन ग्रामपंचायतीच्या मागच्या दाराशी लिंबाखाली बसली होती. पुढं मांडव होता, पण त्यात खुर्च्या होत्या.

एकाला जीप आली. कमलम्माला ओवाळायला बोलावलं आणि पुढंच बसवून घेतलं. साहेबांनी मान पुसली, कॉलर पुसली आणि 'आरोग्यात वेळेचं महत्त्व' या विषयावर बोलायला सुरुवात केली. पाऊण तास झाला तरी वेळेचं महत्त्व संपेना.

मांडवाच्या कडेला टेकलेला भीमा उठला. "सायेब, येळच चाललीय की! लेकरं उन्हात रडून राहिलीत. आधी टोचा, मग बोला दिसभर!"

सरपंच ईश्वरप्पा लगबगीनं मंचावरून उतरून त्याच्याकडं आले. आता गचांडी बसणार म्हणून भीमानं अंग ताठ केलं. ईश्वरप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"भीमराव, बसा. पाव्हण्यादेखत गावाची इज्जत काढता का? पाणी घ्या जरा."

आजवर त्याला कुणी भीमराव म्हटलं नव्हतं. ईश्वरप्पांच्या दारात तो आजवर ओंजळीनंच पाणी प्याला होता. आज ग्रामपंचायतीचा शिपाई पंढरी ट्रे घेऊन उभा होता, आणि त्यात साहेबांनी घेतला तसाच काचेचा ग्लास होता. ग्लासाला बाहेरून घाम आला होता.

भीमानं घोट घेतला. दात शिरशिरले. दुसरा ग्लास त्यानं मागं जाऊन सिंधूला दिला. तिनं बोट बुडवून पोरीच्या ओठांना लावलं. राग कुठं गेला ते भीमालाच कळलं नाही. साहेबांनी तीन ग्लास घेतले आणि भाषण आवरलं.

मग टोचणी सुरू झाली. पहिला नंबर विशाखाचा. कमलम्मानं झाकण उचललं आणि आत हात घालून बाटल्या चाचपल्या. मग तिनं ईश्वरप्पांकडं बघितलं.

"साहेब बघून राहिलेत, बाई," ईश्वरप्पा म्हणाले. "चालू करा."

तिनं सुई भरली. पोरगी किंचाळली. कमलम्मा खालच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या बुधवारी आण बरं हिला पुन्हा."

भीमा भडकला. "पुन्हा पुढचा बुधवार? ह्या बुधवारात काय कमी पडलं? कार्डावर लिवा आजची तारीख, माझ्यादेखत!"

"असा जागरूक बाप पाहिजे," साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. कमलम्मानं मान खाली घालून तारीख लिहिली.

घरची वाट चालताना भीमानं पोरीला स्वतः कडेवर घेतलं. कार्ड खिशात होतं. दर दहा पावलांवर तो ते चाचपत होता.

"म्हातारीच्या हातात देतो आता हे. म्हणावं, मिरगाची वाट बघ तू बसून." थोडं पुढं गेल्यावर तो हसला. "पाणी काय गार व्हतं गं! ईश्वरप्पाचा माठ लई भारी दिसतोय."

"माठ कुठला आलाय?" सिंधू म्हणाली. "म्या मागल्या दाराशीच व्हते की. पंढरीनं त्या निळ्या पेटीतला समदा बर्फ घागरीत वतला. पर माणूस जपणारा हाय. औशिदाच्या बाटल्या एक-एक काढून खिडकीत मांडल्या, उन्हात. भाषण सरल्यावर मोजून परत आत ठिवल्या. एक बी फुटू दिली न्हाई बगा."