व्याह्यांचे साठ

“आमचे अठ्ठ्याहत्तर. तुमचे?”

सुनेनं फोन स्पीकरवर टाकून सासऱ्यांसमोर ठेवला होता. पलीकडे तिचे वडील, टेलरमास्तर. अलीकडे तिचे सासरे, वीज खात्यातून निवृत्त झालेले मीटरवाले. दोघांची हृदयं एकाच वर्षी रुसली. डॉक्टरबाई एकच, गोळीही एकच. बाईंनी दोघांना एकेक वही दिली होती. सकाळी जाग आली की चहाच्याही आधी, पडल्यापडल्या मनगटावर बोटं ठेवायची, पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे आणि लिहायचे.

“दवाखान्यात मला बघून सगळ्यांचंच काळीज उड्या मारतं,” बाई म्हणाल्या होत्या. “म्हणून घरचा आकडा हवा. दुखरं हृदय स्वस्थ पडूनही पळतच राहिलं, तर पुढे धोका जास्त. त्या आकड्यावर मी गोळी ठरवणार.”

मीटरवाल्यांनी त्या सकाळी मोजले होते ब्याण्णव.

“साठ,” ते म्हणाले. वहीतही साठच उतरले.

आता यात त्यांचा तरी काय दोष? मुलीच्या बापाचे अठ्ठ्याहत्तर आणि मुलाच्या बापाचे ब्याण्णव, हे शोभतं का? त्यात जुनी सवय. नोकरीत असताना घराला कुलूप दिसलं की अंदाजे आकडा टाकायचा आणि पुढचं दार गाठायचं. त्यांच्या नोंदीत एकदा म्हणे जळून कोळसा झालेल्या मीटरनंही चार महिने वीज खाल्ली होती.

टेलरमास्तरांचं सगळं उलटं. गिऱ्हाईकानं श्वास ओढून पोट पाठीला लावलं, तरी ते टेप धरून गप्प उभे राहायचे. माणूस श्वास धरून धरून किती वेळ धरणार? पोट सुटलं की भर दुकानात पुकारा व्हायचा, “कंबर चव्वेचाळीस!” एका बड्या साहेबानं छत्तीस लिहायला सांगितलं, तर मास्तरांनी त्याचं कापड घडी घालून त्याच्याच हातात दिलं.

असा माणूस दुसऱ्याचा आकडाही खराच धरून चालतो. रोज सकाळी साठ, साठ, साठ ऐकून मास्तर आतून खचत गेले.

“व्याही, करता तरी काय तुम्ही?” एकदा त्यांनी काकुळतीला येऊन विचारलं.

“मन साफ ठेवायचं,” मीटरवाले म्हणाले. “दुसरं काय?”

भाजी चिरता चिरता सून कौतुकानं हसली. मीटरवाल्यांनाही स्वतःचं थोडं कौतुक वाटलं.

महिना सरता सरता एका सकाळी मास्तरांचा फोन आला नाही. आला तो दुपारी, विहीणबाईंचा. मास्तर दुकानात कापड बेततानाच कोसळले होते. नाडी चौतीसवर आली होती.

दुसऱ्या दिवशी मीटरवाले हॉस्पिटलच्या खोलीच्या दारात पोचले, तेव्हा मास्तर शुद्धीवर होते. सून वडिलांचे पाय चेपत होती. डॉक्टरबाई हातात गोळ्यांचं रिकामं पाकीट धरून उभ्या होत्या.

“एकाऐवजी तीन तीन? ही नाडी मंदावणारी गोळी आहे, मास्तर. आणखी एक घेतली असती तर हृदय थांबलंच असतं. कुणी सांगितलं होतं?”

उत्तर विहीणबाईंनी दिलं.

“कुणी नाही हो. व्याह्यांचे रोज साठ येतात ना. ह्यांना स्वतःचा आकडा सांगायची लाज वाटायला लागली होती.”

मीटरवाल्यांचा पाय उंबऱ्यातच रुतला. चौतीस ऐकल्यापासून त्यांना शंका होतीच; ‘ते साठ खोटे होते’ हे वाक्य ते वाटभर घोकत आले होते. पण समोर सून. तिच्या बापाला आपण मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, हे तिला कळलं तर उद्या कोणत्या तोंडानं तिच्या हातचा चहा घ्यायचा?

“रोज साठ?” डॉक्टरबाई वळल्या. “ह्याच गोळीवर? तुमच्या वहीतही साठच बघितले मी. बघू हात.”

“थांबा बाई.” मास्तर उशीवरून जरासे वर सरकले. “मी मोजतो. महिनाभर नुसतं ऐकतोय, आज माझ्या बोटांनाही कळू दे. या व्याही, बसा.”

नाही कसं म्हणणार? मीटरवाले बसले. मास्तरांनी त्यांचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. मीटरवाल्यांचं काळीज कानात आदळत होतं. मोजायचं नाही म्हटलं तरी तेही मोजत होते. काटा अर्ध्यावर पोचायच्या आतच साठ होऊन गेले.

मास्तरांचे ओठ थांबले. त्यांनी घड्याळावरची नजर काढली आणि सावकाश व्याह्यांच्या तोंडाकडे बघितलं.

मीटरवाल्यांची मान खाली गेली. खाली मास्तरांचाच हात होता, सुया टोचून टोचून काळानिळा पडलेला. धरणी दुभंगेल तर बरं, असं त्यांना झालं. पण हॉस्पिटलच्या फरशा पक्क्या असतात.

मास्तरांनी हात सोडला नाही. मिनिट पुरं होऊ दिलं.

“किती, अप्पा?” सुनेनं विचारलं.

“साठच गं पोरी,” टेलरमास्तर म्हणाले. “तुझे सासरे खोटं कशाला सांगतील?”