नोंद क्रमांक एकशे बारा

संदर्भसूचीतल्या एकशे बाराव्या नोंदीवर अक्षदाचं बोट थांबलं ते थांबलंच.

'बाळ, सुश्रुत. आगरी लग्नगीत : एक वृद्धा. व्हिडिओ.'

"सर, इथं तुमचं नाव कसं काय?"

बाळ सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. तिचा पीएच.डी.चा प्रबंध पाचच्या आत विद्यापीठात पोचवायचा होता, आणि त्यासोबतच्या सुट्या प्रमाणपत्रावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही तेवढी राहिली होती. "प्रिंटला देण्याआधी सूची मीच दुरुस्त केली," ते म्हणाले. "तू रतनबाईंचं नाव टाकलेलंस. तसं चालत नाही. इंटरनेटवरचा व्हिडिओ असला की ज्याच्या चॅनलवर तो आहे, त्याचं नाव आधी. नियम आहे."

नियम म्हणे! व्हिडिओ काढला अक्षदानं, आंबिवलीला चुलतबहिणीच्या हळदीत, कुणाचं तरी रडकं पोर काखेला घेऊन. गाणारी तिची रतन आत्या. चाळीस वर्षं गावातली लग्नं लावणारी धवलारीण. ती गायला लागली की मगच मांडवात देव येतात, भटजी काय ते नंतर. आणि सरांनी काय केलं? 'बघायला दे जरा' म्हणून पेन ड्राइव्ह घेतला आणि खुशाल स्वतःच्या चॅनलवर चढवला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आणि ती 'एक वृद्धा' तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. इस्त्रीचं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी धरून. गाणाऱ्या बाईचं संमतीपत्र हवं, ते सरांच्या समोरच सही केलेलं हवं, म्हणून अक्षदानं तिला आंबिवलीहून ठाण्याला आणलं होतं. सही करून तिला अर्धा तास झाला होता.

"सर, या काय निनावी आहेत का? समोर बसल्यात तुमच्या."

"अगं, चिडतेस काय? आभारात आहे ना त्यांचं नाव. हवं तर तिथं जाड अक्षरात घेऊ." सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "पण हे आता बदलायचं तर पुन्हा प्रिंट, पुन्हा बायंडिंग. आज शेवटची तारीख आहे. बघ बाई, तुझं तू ठरव."

अक्षदानं ओठ चावला. सहा वर्षं झाली होती. दोनदा मुदत वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा कुणी देणार नव्हतं. तिनं सहीचा कागद मुकाट्यानं सरांपुढे सरकवला. आत्याकडे बघायची तिला लाज वाटली.

मनासारखं झाल्यावर सरांना मोठेपणा सुचला. त्यांनी मोबाइल रतन आत्यापुढे धरला. "बघा बाई, चार हजार लोकांनी पाहिलंय तुम्हाला."

रतन आत्यानं मान पुढे काढून थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "याच्या आगुदरचा कुठं हाय?"

"कशाच्या आधीचं?"

"नावा. गायच्या आगुदर मी चौघींची नावा घेतली ना? मना ज्यांनी शिकवला त्यांची."

"हां, ते होय! ते मी कापलं," सर म्हणाले. "दीड मिनिट नुसती नावंच होती. विषयाशी काही संबंध नव्हता त्यांचा."

हे अक्षदाला माहीतच नव्हतं. प्रबंधासाठी तिनं स्वतःच्या फोनमधलाच व्हिडिओ वापरला होता. रतन आत्याच्या घरात या चौघींची नावं घेतल्याशिवाय गाण्याला तोंड फुटत नाही, हे आंबिवलीतलं शेंबडं पोरही सांगेल. एका लग्नात घाईघाईत एक नाव राहिलं, तर आत्यानं अर्ध्यावर आलेलं गाणं थांबवून पहिल्यापासून धरलं होतं. नवरदेव ओल्या हळदीचा तसाच कुडकुडत बसला होता, आणि कुणाची बोलायची टाप झाली नव्हती.

आत्यानं सूचीच्या पानावर उघडा असलेला प्रबंध आपल्याकडे ओढला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, बोट ठेवून एकेक ओळ लावू लागली. एक पान झालं, दुसरं झालं.

"ही कोन सगली?"

"ज्यांच्याकडून आपण काही घेतलं त्यांची नावं आहेत ही," सर हौसेनं सांगू लागले. "ती घ्यावीच लागतात. नाही घेतली तर चोरी ठरते ती."

"बरा हाय," रतन आत्या म्हणाली. "म्हंजी तुमचा पन आमच्यासारखाच." तिनं शेवटच्या पानापर्यंत बोट नेलं. तिथला आकडा होता एकशे चाळीस. मग तिनं मान वर केली. "येवऱ्या सगल्यांना जागा गावली सायेब, आनी आमच्या चौघीच तुमाला जड झाल्या?"

सरांनी खाकरून पाहिलं. मग ते सही करायला वाकले.

अक्षदानं कागद त्यांच्या पेनाखालून ओढून घेतला.

"अगं, वेडी का काय तू? पावणेचार झालेत!"

तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कागद पालथा घातला. पाठ कोरी होती.

"सांग आत्या," ती म्हणाली. "पहिलं नाव तुझंच लिहिते."

"पयला माझा कसा व्हईल गो?" रतन आत्या रागावली. "पयली काशी. लिव. माझा सगल्यांच्या खाली."